फळासकट वाळलेली कॉफी

पाकीट उघडलं तर आधी कॉफीचा वास आलाच नाही. आला तो पिकून मऊ पडलेल्या स्ट्रॉबेरीचा, मागोमाग जरासा वाइनसारखा, आणि मग कुठे भाजलेल्या बियांचा ओळखीचा खमंगपणा. नॅचरल कॉफीशी माझी पहिली गाठ पडली ती अशी. यात कुणीतरी इसेन्स मिसळलाय याबद्दल माझी खात्रीच झाली होती. पाकीट उलटंपालटं करून घटक वाचले. एकच होता, कॉफी. बाकी तीन शब्द ठळक छापलेले: नॅचरल, स्पेशालिटी, फॅमिली फार्म.

तिन्ही शब्द साधे दिसतात आणि तिन्ही फसवतात. नॅचरल म्हणजे रसायनं न मारलेली, स्पेशालिटी म्हणजे महागातली आणि फॅमिली फार्म म्हणजे आजोबा-नातवाचा हसरा फोटो, असा अर्थ आपण सहज घेऊन टाकतो. प्रत्यक्षात नॅचरल हे कॉफी वाळवण्याच्या एका पद्धतीचं नाव आहे. फवारणी केलेल्या झाडाची कॉफी नॅचरल असू शकते आणि सेंद्रिय मळ्यातली नसू शकते. शिवाय नावावरून वाटतं तशी ही आपोआप होणारी कॉफी मुळीच नाही. वाळवणाच्या पद्धतींत सगळ्यात जास्त राखण हिलाच लागते, आणि राखणीत कुठे डुलकी लागली ते कपात बरोबर कळतं.

बी, साल आणि मधला गर

कॉफीचं फळ जेमतेम दीड सेंटीमीटरचं. पिकलं की बहुतेक जातींत लाल होतं, काहींत पिवळं. वर साल, सालीखाली गोड पण अगदी पातळ गर, गराचा आतला थर बुळबुळीत आणि बीला घट्ट धरून बसलेला. मग कागदासारखं टणक कवच, व्यापारात त्याला पार्चमेंट म्हणतात. त्याच्या आत चंदेरी पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यात गुंडाळलेली बी. सहसा एका फळात दोन बिया असतात, सपाट बाजू एकमेकींना टेकवून बसलेल्या.

मळ्यातलं खरं काम म्हणजे एवढ्या वेष्टनांतून बी बाहेर काढायची आणि ती टिकेल इतकी सुकवायची. क्रम कोणता, यावरून पद्धतीचं नाव ठरतं. आधी साल आणि गर काढला, उरलेला बुळबुळीतपणा आंबवून धुऊन टाकला आणि मग वाळवलं, तर वॉश्ड. साल काढली पण गर बीवर तसाच ठेवून वाळवलं, तर हनी. मधाचा त्यात थेंबही नसतो, चिकटपणावरून पडलेलं नाव ते. आणि काहीच न काढता अख्खं फळ वाळवलं, बी शेवटी सोडवली, तर नॅचरल.

ही शेवटची पद्धत सगळ्यांत जुनी. येमेनमध्ये आणि इथिओपियातल्या हरार भागात कॉफी पूर्वापार अशीच वाळवत आले आहेत. ऊन भरपूर आणि पाणी कमी, अशा ठिकाणी दुसरं काही सुचण्याचं कारणही नव्हतं. जगात सर्वाधिक कॉफी पिकवणाऱ्या ब्राझीलमध्येही मोठा वाटा नॅचरलचाच असतो.

तरीही कित्येक वर्षं या पद्धतीला बाजारात मान नव्हता, आणि त्यात पद्धतीचा दोष थोडाच होता. बऱ्याच देशांत चांगली पिकलेली फळं धुण्याच्या कारखान्याकडे जायची. कच्ची, किडकी, झाडाखाली गळून पडलेली जी उरायची ती अंगणात उन्हाला टाकली जायची. उरलंसुरलं वाळवल्यावर चवही उरल्यासुरल्याचीच येणार. चांगली फळं निवडून, मन लावून वाळवायला लोकांनी सुरुवात केली तेव्हा नॅचरलचा भाव बदलला.

पहिल्याच दिवशी बरंचसं ठरून जातं

कॉफीचं झाड सगळी फळं एकदम पिकवत नाही. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर, लाल आणि जास्त पिकून काळपट झालेली फळं शेजारी शेजारी असतात. म्हणून चांगल्या मळ्यात त्याच झाडाकडे हंगामात तीन-चार वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा परतून यावं लागतं आणि दर वेळी फक्त पिकलेली फळं तोडावी लागतात.

वॉश्ड कॉफीत कच्चं फळ चुकून आलं तरी पुढे ते सापडण्याच्या संधी असतात. हिरवं फळ टणक असतं, साल काढायच्या यंत्रात नीट सोललं जात नाही. शिवाय पाण्यातून जाताना हलक्या आणि जड बिया वेगळ्या होतात. नॅचरलमध्ये यातलं काहीच नाही. साल शेवटपर्यंत अंगावर असते आणि पंधरा दिवसांनी कच्चं काय, पिकलं काय, सगळंच काळं पडतं. तेव्हा निवड करायची ती पहिल्या दिवशी, रंग दिसतोय तोवर.

आधी फळं पाण्यात ओततात. पोचट आणि कीड लागलेली वर तरंगतात, ती काढून घेतात. भरीव फळं तळाशी जातात, पण तळाशी गेलेलं प्रत्येक फळ पिकलेलंच असतं असं नाही. चांगलं भरलेलं हिरवं फळही बुडतं. म्हणून मग वाळवणावर पसरल्यावर माणसं बसून हातानं निवडतात. कंटाळवाणं काम आहे. एका पाकिटापुरता हिशेब केला की अंदाज येतो. साधारण ५ ते ६ किलो ताज्या फळांतून १ किलो कच्ची बी निघते आणि भाजताना तिचंही वजन सुमारे १५ टक्के घटतं. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटामागे दीड-पावणेदोन किलो फळं, मोजायला गेलं तर हजाराच्या आसपास. प्रत्येक फळावरून कुणाची तरी नजर फिरलेली असावी लागते.

तीन आठवड्यांची राखण

वाळवण जमिनीपासून वर उचललेल्या जाळीच्या लांब मांडवांवर घालतात, म्हणजे खालूनही वारा लागतो. सिमेंटच्या खळ्यावरही वाळवतात, पण तिथे खालची बाजू घामेजते, म्हणून फळं जास्त वेळा हलवावी लागतात. सुरुवातीला थर अगदी पातळ, एका फळाएवढा किंवा फार तर दोन-तीन सेंटीमीटरचा. जाड थर दिला की मधली फळं वाफाळतात आणि वास फिरतो.

पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. फळ रसरशीत असतं, वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो, आणि गोड, ओलं, कोमट असं काही उघड्यावर असलं की यीस्ट, जिवाणू आणि बुरशी तिघांनाही आमंत्रण. यातल्या यीस्टला आणि काही जिवाणूंना येऊ द्यायचं आहे, बुरशीला नाही. दारात उभं राहून कुणाला आत सोडायचं ते ठरवावं, तसं हे काम आहे. हातात साधन म्हणाल तर दोनच: थराची जाडी आणि फळं हलवण्याची वेळ. या दिवसांत तासा-दीड तासाला फळं वरखाली करतात.

आठवडाभरात साल सुरकुतायला लागते. लालचा मरून होतो, मरूनचा जांभळट काळा. चिकटपणा कमी होतो, वास मनुकांकडे झुकतो. आता थर थोडा वाढवला तरी चालतो, किंबहुना वाढवावाच लागतो, कारण फार झपाट्यानं सुकलं तरी घात होतो. वरचं कवच कडक होऊन बसतं आणि बीच्या पोटात ओल राहते. वरून सगळं ठणठणीत वाटतं, पोत्यात भरल्यावर आतली ओल हळूहळू बाहेर येते आणि मग पोतं उघडताना कुबट वास. म्हणून भर दुपारी, ऊन कडक असताना, वाळवण झाकतात. रात्रीही झाकतात, ते दवापासून वाचवायला. अवकाळी पाऊस आला तर मध्यरात्री उठून झाकतात. वॉश्ड बी आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उतरते. अख्ख्या फळाला दोन ते चार आठवडे लागतात, हवा ढगाळ राहिली तर त्याहूनही जास्त. मांडव तितके दिवस अडकलेला, माणसं अडकलेली आणि पैसेही.

झालं हे कसं कळतं? ओलावा मोजायचं यंत्र असतं. बीतली ओल १० ते १२ टक्क्यांवर आली की थांबायचं. जुनी खूण मात्र कानाची आहे. मूठभर फळं हातात घेऊन हलवायची. आत बी सुटी होऊन खुळखुळली तर वाळवण उतरवायला हरकत नाही. यानंतरही घाई नसते. वाळलेली फळं सालीसकट महिना-दोन महिने सावलीत मुरू देतात, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते. मग एकाच यंत्रात वाळकी साल, गर, कवच सगळं एकदम फोडून बी मोकळी करतात.

राखणीत चुकलं तर काय होतं त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जास्त आंबलं तर कपात व्हिनेगर, कधी कांद्यासारखा वास, फारच हाताबाहेर गेलं तर सरळ कुजल्याचा. आणि बुरशी लागली तर मातकट, कुबट चव. यात फक्त चवीचा प्रश्न राहत नाही, कारण काही बुरशींतून ऑक्राटॉक्सिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि अनेक देशांत त्यावर कायद्यानं मर्यादा घातलेली आहे. मी एकदा मोठ्या कौतुकानं मागवलेली नॅचरल दोन घोटांत बाजूला ठेवली होती. पाकिटावर 'वाइनसारखी गुंतागुंतीची चव' असं छापलं होतं. होती ती व्हिनेगरचीच.

ती फळाची चव नेमकी येते कुठून

सर्रास सांगितलं जाणारं उत्तर असं: गराची साखर बीमध्ये मुरते, म्हणून कॉफी गोड लागते. ऐकायला पटतं, पण घडतं त्याहून वेगळं आणि मला तरी जास्त रंजक वाटणारं.

एक काम सूक्ष्मजीव करतात. गराची साखर खाऊन ते अल्कोहोल, आम्लं आणि एस्टर नावाची सुगंधी द्रव्यं तयार करतात. एस्टर म्हणजे फळांच्या वासामागचं रसायन. पिकल्या केळ्याचा वास बराचसा आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरमुळे येतो. ही द्रव्यं गरात तयार होतात आणि फळ आठवडेच्या आठवडे अंगावर असल्यामुळे त्यांतली काही हळूहळू बीपर्यंत पोहोचतात.

दुसरं काम बी स्वतः करते. ती जिवंत असते, हे आपण विसरतो. साल-गर निघाला की तिला वाटतं, रुजायची वेळ झाली, आणि ती आतल्या आत कामाला लागते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या संशोधकांनी एकाच प्रकारची फळं वेगवेगळ्या पद्धतींनी वाळवून तपासली. ऊससाखर, म्हणजे सुक्रोज, वॉश्ड आणि नॅचरल दोन्हींत जवळपास सारखीच निघाली. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र वॉश्डमध्ये बरंच कमी होतं, कारण त्या प्रक्रियेत बीनं ते स्वतःच वापरून टाकलेलं असतं. नॅचरलमध्ये गराच्या कैदेत बीचं रुजणं रेंगाळतं, ही साखर शिल्लक राहते. उलट फळ सुकत जातं तसा बीला पाण्याचा ताण पडतो आणि त्या ताणाची खूण असलेलं गाबा नावाचं अमिनो आम्ल तिच्यात साठतं. थोडक्यात, साखर बाहेरून आत आली नाही. आतली होती ती खर्च व्हायची राहिली.

आता उत्साहावर पाणी ओतणारी एक गोष्ट. भाजताना यातली बहुतेक साखर जळून, बदलून जाते. कपात जी गोडी वाटते ती साखरेची नसतेच. ती वासाची असते. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू गोडी गृहीत धरतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. स्ट्रॉबेरी गायब होते, जिभेवर उरतं थोडं आंबट, थोडं कडू. नाक सोडा, फळ परत.

आणि प्रत्येक नॅचरल फळासारखी लागते असंही नाही. हरारच्या कॉफीतली ब्लूबेरी प्रसिद्ध आहे, पण ब्राझीलच्या बऱ्याचशा नॅचरल कॉफी शेंगदाणे, चॉकलेट, कॅरॅमल या वाटेनं जातात. जात वेगळी, मळ्याची उंची वेगळी, हवा वेगळी, तोडणीची आणि वाळवणाची तऱ्हा वेगळी. पद्धत दार उघडते, आत काय आहे ते झाडावर ठरतं.

हल्ली पाकिटावर ॲनारोबिक नॅचरल असंही दिसतं. म्हणजे वाळवणापूर्वी फळं काही तास ते काही दिवस हवाबंद पिंपात ठेवलेली. २०१५ साली साशा शेस्टिच यांनी कॉफी बनवणाऱ्यांची जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली ती वाइनच्या धंद्यातून उचललेल्या अशाच एका तंत्रानं, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली आंबवलेल्या कॉफीवर. तेव्हापासून या प्रकाराचं पेवच फुटलं. माझं मत विचाराल तर यातल्या निम्म्या कॉफी एकमेकींसारख्याच लागतात, च्युइंगगमसारख्या. मळा पुसला जातो आणि पिंप तेवढं उरतं.

स्पेशालिटी म्हणजे किती गुण

हा शब्द कॉफीच्या व्यापारात रुळवला तो अमेरिकेतल्या कॉफी-व्यापारी एर्ना नूटसेन यांनी, १९७४ मध्ये. विशिष्ट हवामानात पिकून स्वतःची वेगळी चव असणाऱ्या कॉफीसाठी. पुढे त्याला मोजमाप आलं. वर्षानुवर्षं रूढ असलेल्या पद्धतीत जाणकारांनी चाखून १०० पैकी ८० किंवा जास्त गुण दिले तर स्पेशालिटी. त्याआधी ३५० ग्रॅम कच्ची बी पसरून दोष मोजतात. पूर्ण काळी किंवा पूर्ण आंबलेली एक बी सापडली तरी नापास. मग चव. १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी, पाणी ९३ अंशांच्या आसपास, आणि एकाच कॉफीचे पाच वाडगे. पाच कशाला? नॅचरलसाठीच जणू ही सोय आहे. चार वाडगे सुरेख आणि पाचव्यात एकच आंबलेली बी पडलेली, असं इथे सहज होतं. गुण कापले जातात ते त्या पाचव्याचे. चव काय आहे आणि ती आवडली का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणारी नवी पद्धत आता आली आहे आणि नॅचरलला तिची गरज होतीच, कारण आंबूस वासाबद्दल जाणकारांचंही एकमत होत नाही.

घरचा मळा

जगात कॉफीचे सुमारे सव्वा कोटी मळे असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतांश ५ हेक्टरपेक्षा लहान. म्हणजे फॅमिली फार्म हा अपवाद नव्हे, नियम आहे; पाकिटावर तो शब्द छापण्यात विशेष काही नाही. शेकडो हेक्टरचा मळाही एका कुटुंबाच्या मालकीचा असू शकतो.

लहान मळ्याला नॅचरल परवडते का? एका बाजूनं उत्तम. साल काढायचं यंत्र नको, हौद नको, सांडपाण्याची कटकट नको. मळेवाल्याला ताजी फळं त्याच दिवशी पडेल त्या भावानं विकून मोकळं व्हावं लागत नाही. दुसरी बाजू राखणीची. दर तासाला हलवायला आणि रात्री पावसात उठायला मजूर लावले तर हिशेब बसत नाही. घरातलं माणूस उठतं, त्याचा पगार कुठे लिहिला जात नाही. महागड्या नॅचरलच्या किमतीत हा न लिहिलेला पगार किती धरलाय, हा प्रश्न पाकिटावरच्या हसऱ्या फोटोपेक्षा मला जास्त छळतो.

लहान मळ्याची कॉफी घेताना आणखी एक गोष्ट गृहीत धरावी. दर पाकीट सारखं लागणार नाही. एका मांडवाचा माल म्हणजे एक वेगळी खेप. पहिल्या आठवड्यात ढग आले ती खेप वेगळी, कोरडा वारा होता ती वेगळी. पाकिटावर फक्त 'नॅचरल' असेल तर मी जरा दबकून असतो. जात, उंची, तोडणीचा महिना, आणि किती दिवस वाळवली हे लिहिलं असेल तर निदान कुणीतरी दिवस मोजले आहेत एवढं कळतं.

घरी आणल्यावर

भाजलेली बी उलटी करून मधली रेघ पाहा. वॉश्डमध्ये त्या रेघेतला पापुद्रा फिका, पांढुरका दिसतो, नॅचरलमध्ये तपकिरी. पाकिटावर काहीही छापलेलं असो, बहुतेक वेळा ही रेघ खरं सांगते. दळताना भुसाही नॅचरलचा जास्त उडतो.

भाजल्याची तारीख बघून निदान आठवडा-दहा दिवस थांबा, फिकी भाजलेली असेल तर दोन आठवडे. ताज्या बीतून वायू इतका सुटत असतो की पाणी धड मुरत नाही. मग १५ ग्रॅमला २४० ग्रॅम पाणी, उकळी बसल्यावरचं, ९० ते ९२ अंशांचं. फार गरम पाण्यानं आंबूसपणा अंगावर येतो असा माझा अनुभव. आणि कप निवू द्या. वाफाळता घोट सगळ्या कॉफींचा साधारण सारखाच असतो, कोमट झाल्यावर फळ वर येतं.

दळण्याआधी मात्र मी बिया पांढऱ्या ताटलीत पसरतो. बाकीच्या तपकिरी आणि मध्येच एखादी फिकट, शेंगदाण्याच्या रंगाची. तिला क्वेकर म्हणतात: कच्च्या फळातली बी, साखर भरलीच नव्हती म्हणून भाजताना रंग धरत नाही. पहिल्या दिवशी मांडवावर नजरेतून निसटली ती थेट माझ्या ताटलीत. एका कपाला शंभर-सव्वाशे बिया लागतात, त्यांत अशा दोन असल्या तरी कपभर कागदी चव पसरते. गेल्या पाकिटात सात निघाल्या. सहा फेकल्या आणि एक चावून पाहिली. वाळक्या गवताची चव होती, कॉफीची नावालाही नाही.